बोटीची गळती : रोजच्या पंधरा मिनिटांचा हिशेब

आम्ही कापडाचे व्यापारी. बोटीच्या गळतीबद्दल आम्ही काय लिहिणार, असे काही वाचकांना वाटेल. परंतु कोकण किनाऱ्यावर धंदा करणाऱ्या माणसाचा समुद्राशी संबंध कधी सुटत नाही. मासळीचा हंगाम चांगला गेला तर आमच्या दुकानात लग्नाचे कापड खपते. हंगाम वाईट गेला तर उधारीची वही जाड होते. शिवाय रत्नागिरी, दाभोळ, हर्णे, श्रीवर्धन, मुरूड या पट्ट्यात आपल्या समाजातील कितीतरी दुकानदारांचा आणि आखातातून परतलेल्या भावांचा पैसा बोटींत गुंतलेला आहे. कोणाचा चार आणे भाग, कोणाचा दोन आणे. कागदावर बोट एकाच्या नावाने, भागीदार तिघे-चौघे. या भागीदारांपैकी अनेकांनी आपल्या बोटीच्या इंजिनघरात एकदाही वाकून पाहिलेले नसते.

आम्हीही पाहिले नव्हते. त्याची किंमत आम्ही २०१३ साली मोजली. तो तजुर्बा इतर बांधवांच्या कामी यावा म्हणून हा लेख.

ईदची सुट्टी आणि बुडालेली बोट

आमची बोट लाकडी, ट्रॉलिंगची. चार आणे भाग आमचा, बाकीचे दोघे भागीदार. त्या वर्षी बकरी ईद १६ ऑक्टोबरला आली. हंगाम भरात होता, पण खलाशी आपल्याच वस्तीतले, ईदला घरी जाणारच. १३ तारखेला बोट राजिवड्याच्या बाजूला भाट्याच्या खाडीत नांगरली. जाताना तांडेल दुकानात आले आणि म्हणाले, "शेठ, मागचा ग्लँड थोडा ठिबकतोय. ईद झाली की पॅकिंग बदलू."

आम्ही गिऱ्हाइकाला कापड दाखवत होतो. मान वर न करता विचारले, "पंप चालतोय ना?"

"चालतोय, शेठ."

एवढ्यावर गोष्ट संपली. बॅटरीवर आपोआप चालू होणारा पंप आम्ही त्याच वर्षी बसवला होता आणि त्या पंपावर आमचा फार भरवसा होता.

१८ तारखेला सकाळी राखणदाराचा फोन आला. बोटीची मागची बाजू पाण्याखाली गेली होती, फक्त पुढची नाळ आणि केबिनचे छप्पर दिसत होते. वारा नव्हता, लाट नव्हती. शेजारच्या सर्व बोटी जागच्या जागी उभ्या होत्या. राखणदार म्हणाला, "कालच मागून जरा बसल्यासारखी वाटली होती. मला वाटलं डिझेल भरून ठेवलंय."

ईद चंद्राच्या दहाव्या दिवशी येते, तेव्हा भांगाचे पाणी असते. ओहोटी फार खाली उतरत नाही. त्यामुळे आम्हाला कोजागिरीनंतरच्या उधाणाच्या मोठ्या ओहोटीची वाट पाहावी लागली. मग दोन डिझेल पंप आणि रिकामी पिंपे लावून बोट वर आली. ग्लँड उघडून पाहिला तर आतली पॅकिंगची दोरी सुक्या काटकीसारखी कडक झालेली, आणि ती दाबून धरणाऱ्या दोन नटांपैकी एक गंजून गळून पडलेला. थेंबाची धार झाली होती. पंपाने ती धार उपसली. आम्हाला कळू न देता उपसत राहिला. बॅटरी उतरल्यावर पंप बंद पडला. बोट मागून खाली बसू लागली, तशा उन्हाने सुकून फाकलेल्या वरच्या फळ्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतर पाणी शंभर वाटांनी आत आले.

नुकसान शे-दोनशे रुपयांच्या दोरीमुळे झाले. इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करावे लागले. वायरलेस आणि मासे दाखवणारे यंत्र गेले. हंगामातला महिनाभराचा धंदा बुडाला. तीन भागीदारांचे नुकसान झाले ते सोडा, खलाशांच्या दहा घरांत त्या महिन्यात हिस्सा पोहोचला नाही. त्यांपैकी तिघांची उधारी आमच्याच वहीत होती. ती मागायला आमचे तोंड उरले नाही.

थेंबाचा हिशेब

व्यापाऱ्याला आकडे लवकर समजतात, म्हणून आकड्यांतच सांगतो. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाकाठी सुमारे चार लिटर पाणी होते. एवढ्याने बोट बुडत नाही. पण पाण्याच्या दोन फूट खाली पेन्सिलीएवढे भोक पडले तर त्यातून दिवसाला सहा-सात टन पाणी आत येते. टन म्हणजे १,००० लिटर. त्याच जागी एक इंचाचे भोक असेल तर मिनिटाला साधारण ६० लिटर, म्हणजे तासाला साडेतीन टनांच्या आसपास. १५ लिटरच्या बादल्यांनी हे पाणी उपसायचे म्हटले तर मिनिटाला चार बादल्या, न थांबता. माणूस पहिली दहा मिनिटे हे करील, पुढे त्याचे हात थांबतात.

गळती एकाच गतीने राहत नाही, हेही ध्यानात घ्यावे. बोट जड झाली की खाली बसते. खाली बसली की एरवी पाण्याच्या वर राहणारे सांधे आणि पाणी वाहून जाण्याची भोके पाण्याखाली जातात. पहिल्या टनाला दोन दिवस लागले असतील, तर शेवटचा टन काही मिनिटांत येतो. म्हणूनच "काल तर ठीक होती" हे वाक्य प्रत्येक बुडालेल्या बोटीच्या काठावर ऐकू येते.

पाणी कुठून येते

बोट वर आल्यानंतर आम्ही एका जुन्या मिस्त्रींना घेऊन ती नखशिखांत पाहिली. त्यांनी दाखवलेल्या जागा पुढीलप्रमाणे.

पहिली जागा ग्लँड. पंख्याचा शाफ्ट जिथून बोटीच्या बाहेर जातो, तिथे पाणी अडवण्यासाठी ग्रीस लावलेल्या दोरीचे वेढे भरलेले असतात. इंजिन चालू असताना तिथून मिनिटाला काही थेंब पडणे योग्यच आहे. त्या पाण्याने शाफ्ट थंड राहतो. इंजिन बंद केल्यावर मात्र ठिबकणे थांबले पाहिजे किंवा नावापुरते राहिले पाहिजे. थांबत नसेल तर नट थोडे आवळावेत. आवळूनही काही दिवसांत पुन्हा ठिबकू लागले तर दोरी संपली, ती बदलावी. नुसते आवळत राहिल्यास शाफ्टला चर पडतात आणि मग नवी दोरीही पाणी धरत नाही. इंजिन चालवून झाल्यावर ग्लँडला हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल इतका गरम असेल तर जास्त आवळला गेला आहे.

दुसरी जागा इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेणारा नळ. बोटीच्या तळाला हे भोक आपणच पाडलेले असते. नळाचा कॉक महिनोन्महिने फिरवला नाही तर तो जाम होतो. त्याला जोडलेला रबरी पाइप तेलाने आणि उष्णतेने फुगतो, चिरतो. पाइपाच्या प्रत्येक टोकाला दोन क्लिपा असाव्यात आणि त्या गंजलेल्या नसाव्यात. बोट नांगरून घरी जाताना हा कॉक बंद करावा. प्रत्येक कॉकजवळ त्या मापाची लाकडी खुंटी सुतळीने बांधून ठेवावी. पाइप निसटला तर अंधारात खुंटी शोधण्याची पाळी येत नाही.

तिसरी जागा फळ्यांचे सांधे आणि खिळे. ऊन, इंजिनचा कंप, जाळ्याची ओढ आणि धक्क्यावर बसणारे ठोके यांनी सांधे हलतात, आत भरलेला कापूस कुजतो किंवा बाहेर येतो. लोखंडी खिळा खाऱ्या पाण्याने गंजला की भोवतीचे लाकूडही खराब करतो. फळीवर हातोडीने हलके ठोकत जावे. चांगले लाकूड खणखणीत आवाज देते, कुजलेले बद्द आवाज देते. शंका आली तिथे चाकूचे टोक टोचून पाहावे.

चौथी जागा तळाचा कणा, ज्याला पठाण म्हणतात, आणि त्याला लागून असलेली फळी. बोट वाळूवर किंवा खडकावर टेकते तेव्हा मार इथेच बसतो. लाकूड पोखरणारा समुद्री किडाही इथून शिरतो. बाहेरून सुईएवढे भोक दिसते आणि आतून फळी चाळणीसारखी झालेली असते. पंख्याच्या आसपास लावलेला जस्ताचा तुकडाही पाहावा. पंखा आणि शाफ्ट यांच्याऐवजी झिजण्याचे काम त्याचे आहे. निम्मा झिजला की बदलावा, त्यावर रंग कधीही लावू नये.

पाचवी जागा डोक्यावरची, म्हणजे डेक. पावसाचे गोडे पाणी बोटीला खाऱ्या पाण्यापेक्षा वाईट. लाकूड कुजते ते बहुधा गोड्या पाण्याने. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस रत्नागिरीकरांना नवा नाही. ४० चौरस मीटरच्या उघड्या बोटीत तेवढा पाऊस साठला तर चार टन पाणी होते. पावसाळ्यात खाडीत उभ्या ठेवलेल्या होड्या आणि छोट्या बोटी अशाच बुडतात.

कापसाची गोष्ट

या भागात थोडी आमची स्वतःची कबुली आहे. फळ्यांच्या सांध्यांत भरण्यासाठी सुताच्या लडी लागतात आणि किनाऱ्यावरच्या मिस्त्रींना त्या आम्हीही विकत आलो. जुन्या सांध्यातला कुजका कापूस आधी खरवडून काढतात, सांधा सुकू देतात. मग सुताची वळलेली लड बोथट छिन्नी आणि लाकडी हातोड्याने आत बसवतात आणि वरून राळ व तेल यांचा लेप देतात. सूत फार ठासूनही चालत नाही. फळी पाण्याने फुगली की जागा उरत नाही आणि खिळे उपटतात.

सूत सुतीच का हवे, हे आम्हा कापडवाल्यांना समजायला हवे होते. कापसाचा धागा पाणी पिऊन फुगतो आणि ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी पीत नाही, त्यामुळे ते सांध्यात फुगत नाही. आमच्या बोटीच्या दुरुस्तीसाठी आम्ही मोठ्या ऐटीत आपल्याच दुकानातल्या लडी पाठवल्या. मिस्त्रींनी त्यातला एक धागा काढला आणि काडी लावली. शुद्ध सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची मऊ राख होते. हा धागा आखडला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. मिस्त्री काही बोलले नाहीत. तो मणी त्यांनी आमच्या तळहातावर ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागले.

माल आम्ही 'सुती' म्हणून घेतला होता आणि 'सुती' म्हणूनच विकला होता. कापडाच्या ताग्याला चिमटीत धरून पोत सांगणारे आम्ही, चार रुपये स्वस्त पडतात म्हणून लडी तपासल्या नाहीत. उरलेला माल आम्ही परत पाठवला. ज्यांना विकला होता त्यांना आठवून आठवून निरोप दिले. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यातला धागा जाळून पाहिल्याशिवाय लडी विक्रीला काढत नाही. व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे की मापात कमी देणे जसे पाप, तसेच बोटीच्या सांध्यात जाणारा माल न तपासता देणेही वाईटच. त्या सांध्याच्या पलीकडे माणसे असतात.

तपासणीचे वेळापत्रक

रोज : इंजिनघराचे झाकण उघडून तळात बॅटरीचा उजेड टाकावा. एका पट्टीवर खुणा करून ती ठराविक जागी बुडवावी आणि पाणी किती इंच आहे ते पाहावे. पंप किती मिनिटे चालवावा लागला ते मोजावे. बर्फाचे वितळलेले पाणी तळात येणारच. म्हणून माल उतरवून तळ एकदा कोरडा करावा आणि तासाभराने पुन्हा पाहावे. त्यानंतर जमलेले पाणी ते गळतीचे. परवा दोन मिनिटे, काल दोन मिनिटे आणि आज पाच मिनिटे पंप चालला असेल तर आजच कारण शोधावे. या सगळ्याला पंधरा मिनिटे लागतात.

आठवड्यातून एकदा : ग्लँड, कॉक, पाइप आणि क्लिपा हाताने चाचपाव्यात. कॉक पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. तळाच्या फासळ्यांमध्ये पाणी पुढून मागे वाहण्यासाठी भोके ठेवलेली असतात. ती खवले, दोऱ्याचे तुकडे आणि तेलकट चिंध्या यांनी तुंबतात, मग पाणी एका कप्प्यात साठते आणि पंपापर्यंत येत नाही. ती तारेने साफ करावीत.

महिन्यातून एकदा : उधाणाच्या ओहोटीला बोट वाळूवर टेकवून तळ बाहेरून पाहावा. पंखा, सुकाणू, जस्ताचा तुकडा, पठाण आणि सांधे नजरेखालून घालावेत. शेवाळ आणि कालवे खरवडावीत. त्यांच्याखाली दोष झाकलेले असतात.

वर्षातून एकदा : १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी म्हणजे बोटीची दुरुस्ती करण्याचा काळ. बोट वर ओढल्यावर पठाणाखाली ठोकळे सारख्या अंतरावर द्यावेत, नाहीतर बोट आपल्याच वजनाने वाकते. वर झाप किंवा ताडपत्री घालावी, पण हवा खेळती ठेवावी. सांधे, खिळे, ग्लँड, कॉक सर्व उघडून पाहावे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या वेळी लाकडाला माशाचे तेल, काजूच्या टरफलाचे तेल, पाण्याखालच्या भागाला चुना आणि चरबी लावीत. आज तयार रंग मिळतात. काय लावायचे ते मिस्त्रींना विचारावे, पण ओल्या किंवा कुजक्या लाकडावर रंग मारून दोष झाकू नये. तळात आतून सिमेंट ओतून गळती बंद करण्याची काही ठिकाणी पद्धत आहे. सिमेंटच्या मागे पाणी साठून लाकूड कुजते आणि दिसत नाही. जुन्या लाकडावर फायबरचे आवरण चढवण्यातही हाच धोका आहे.

बंदी उठली की बोट घाईने पाण्यात लोटून लगेच दूरच्या फेरीला नेऊ नये. दोन महिने जमिनीवर सुकलेल्या फळ्यांना फुगून एकमेकींना घट्ट धरायला एक-दोन दिवस लागतात. पहिल्या दोन रात्री बोटीवर माणूस आणि चालू पंप दोन्ही असावेत.

पंप असला म्हणजे झाले का?

पंप ही दुसरी फळी आहे. आपोआप चालणारा पंप गळती लपवतो, हे आम्ही भरपूर पैसे देऊन शिकलो. पंपाची तपासणी सोपी आहे. तळात दोन बादल्या पाणी ओतावे. पंप आपोआप चालू होतो का, पाणी बाहेर पडते का आणि तळ कोरडा झाल्यावर पंप थांबतो का ते पाहावे. पंपाच्या तोंडाची जाळी आठवड्याला साफ करावी. बॅटरीवरच्या पंपाबरोबर हाताने चालवायचा एक पंपही असलाच पाहिजे. त्याचा रबरी पडदा कोरडा पडून फाटतो, म्हणून तोही महिन्यातून एकदा चालवून पाहावा. बोट चार दिवस उभी राहणार असेल तर रोज एका माणसाने तिच्यावर चढलेच पाहिजे. बोटीच्या बाजूला पाणरेषेची ठळक पांढरी पट्टी रंगवली तर काठावरूनही बोट खाली बसल्याचे कळते. आमच्या राखणदाराला अशी पट्टी दिसली असती तर १७ तारखेलाच बोंब झाली असती.

फायबरच्या बोटी घेतलेल्या बांधवांनी निर्धास्त राहू नये. फायबरला सांधे नाहीत हे खरे, पण ग्लँड आहे, कॉक आहे, पाइप आहे. डेक आणि तळ जिथे जोडलेले असतात तो जोड आहे. ठोकर बसलेल्या जागी केसासारखी चीर पडते आणि आतल्या लाकडात किंवा प्लायवूडमध्ये पाणी मुरते. तिथेही बोटांनी ठोकून आवाज ऐकण्याची सवय ठेवावी.

समुद्रात गळती सापडली तर

प्रथम सर्वांनी लाइफ जॅकेट घालावे. पंप चालू करावा आणि एका माणसाने फक्त पाणी कुठून येते ते शोधावे. पाइप सुटला असेल तर कॉक बंद करावा, नाहीतर खुंटी ठोकावी. फळी उघडली असेल तर आतून चिंध्यांचा बोळा दाबून वर फळकूट टेकवावे आणि बाहेरून ताडपत्री ओढून घ्यावी. पाण्याचा दाबच ती चिकटवून धरतो. पाणी आवरत नाही असे दिसताच वायरलेसच्या १६ नंबर चॅनेलवर हाक द्यावी. फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावावा. हाक देण्यात शरम नाही. डिसेंबर २०२४ मध्ये पोरबंदरहून इराणच्या बंदर अब्बासकडे निघालेले 'अल पिरानपीर' हे मालवाहू गलबत खवळलेल्या समुद्रात पाणी भरून बुडाले. त्यावरचे १२ खलाशी छोट्या होडीत उतरले होते. भारतीय तटरक्षक दलाने पाकिस्तानच्या सागरी यंत्रणेच्या सहकार्याने त्या सर्वांना वाचवले.

विम्याचा भरवसा

आमच्या बोटीचा विमा होता. सर्वेक्षकाने येऊन दोनच प्रश्न विचारले. पॅकिंग शेवटचे कधी बदलले? त्याचा काही कागद आहे का? आमच्याकडे उत्तरही नव्हते आणि कागदही नव्हता. दावा नामंजूर झाला. त्या वेळी आम्हाला फार राग आला. पुढे वकिलांकडून कायदा समजून घेतला. सागरी विमा कायदा, १९६३ च्या कलम ५५ प्रमाणे नेहमीची झीज, नेहमीची गळती, वस्तूतील अंगभूत दोष, उंदीर-किडे यांमुळे झालेले नुकसान, पॉलिसीत वेगळे लिहिलेले नसेल तर, विमा कंपनीवर येत नाही. म्हणजे वादळात बोट गेली तर विमा. नेहमीच्या झिजेने किंवा गळतीने गेली तर आपण. बांधवांनी आपली पॉलिसी आजच काढून वाचावी आणि मिस्त्रींची, मेकॅनिकची, सामानाची प्रत्येक पावती जपून ठेवावी.

काम कोणाचे?

आमच्या बोटीचा ग्लँड ठिबकतो हे तांडेलांना माहीत होते, मेकॅनिकला माहीत होते, आम्हाला माहीत होते. तरी बोट बुडाली, कारण ते काम कोणा एकाचे नव्हते. बहुतेक ठिकाणी डिझेल, बर्फ, रेशन वजा जाऊन उरलेल्या रकमेचे हिस्से होतात आणि दुरुस्तीचा खर्च मालकाच्या हिश्श्यातून जातो. मालक खर्च पुढे ढकलतो, तांडेल सांगून मोकळे होतात आणि मालकाला वारंवार टोकणे खलाशांना शोभत नाही असे वाटते.

आता आमच्या बोटीवर एक वही आहे. तारीख, तळात किती इंच पाणी, पंप किती मिनिटे चालला, कोणी पाहिले, काय दुरुस्ती केली, असे पाच रकाने. पाहण्याचे काम एका खलाशाकडे नावाने दिलेले आहे आणि त्याबद्दल त्याला दरमहा वेगळी रक्कम मिळते. तो सुट्टीवर असेल तर कोण पाहणार, त्याचेही नाव वहीत असते. दर जुम्याला वही दुकानात येते. रोजमेळ पाहून झाला की आम्ही तीही पाहतो आणि सही करतो. ज्या आठवड्यात रकाना कोरा असतो, त्या आठवड्यात आम्ही स्वतः खाडीवर जातो.

कारागीर बांधवांनाही दोन शब्द. काम झाल्यावर काय उघडले, काय बदलले आणि कोणते दोष पैशाअभावी तसेच राहिले, हे चार ओळींत लिहून मालकाला द्यावे. त्यात तुमचेही रक्षण आहे. आणि मालकांनी मिस्त्रींना मजुरीसाठी तीन-तीन फेऱ्या मारायला लावू नये. लाकडी बोटीचे काम जाणणारी माणसे कमी होत चालली आहेत. ज्याची मजुरी अडते तो पुढच्या वर्षी आपल्या बोटीचे काम शेवटी घेतो, आणि तोवर १ ऑगस्ट उजाडलेला असतो.

आमच्या त्या मिस्त्रींना आम्ही एकदा विचारले की एवढ्या बोटी पाहिल्या, त्यातून मालकांना काय सांगाल? ते म्हणाले, "शेठ, रात्री दुकानाला कुलूप लावल्यावर तुम्ही ते एकदा ओढून बघता ना? बोटीचं झाकणही तसंच एकदा उघडून बघा."

कुलूप आम्ही चाळीस वर्षांपासून ओढून बघत आहोत. दुकानात आजवर चोरी झाली नाही.